डिजिटल फॉरेन्सिकमध्ये करिअर आणि कोर्टात तज्ज्ञ म्हणून साक्ष: नाशिकमधून सुरुवात कुठून करावी?

सातपूरची_सई

नमस्कार सगळ्यांना. बीएस्सी कॉम्प्युटर सायन्स झालंय, सध्या अंबड एमआयडीसीत एका कंपनीत आयटी सपोर्टला आहे. म्हणजे प्रिंटर, बॅकअप, नवीन माणूस आला की लॅपटॉप तयार करून देणं आणि गेला की परत घेणं, एवढंच. मागे डिझाईनचा एक जण नोकरी सोडून गेला आणि मालकांना संशय आला की ड्रॉइंग घेऊन गेला. मग मुंबईहून एक मॅडम आल्या, त्यांनी लॅपटॉप चालूच केला नाही, हार्डडिस्क काढली, मध्ये एक छोटा डबा जोडून कॉपी घेतली, एक लांबलचक नंबर कागदावर लिहिला, खाली एचआरची आणि माझी सही घेतली, आणि मालक दहादा विचारत होते की चोरलंय ना, तर त्या फक्त म्हणाल्या की बघून सांगते. तेव्हापासून मला हेच काम करायचंय.

पण घरी सांगितलं तर बाबा म्हणतात सरकारी असेल तर कर, मामा म्हणतो एथिकल हॅकिंगचा कोर्स कर, कॉलेजरोडवरच्या क्लासवाल्याने भलीमोठी फी सांगितली आणि शंभर टक्के प्लेसमेंट म्हणाला. मला कळतच नाहीये की या कामाचा खरा रस्ता कुठून जातो. कोर्टात तज्ज्ञ म्हणून उभं राहायला कुठली डिग्री लागते, लायसन्स असतं का वकिलांसारखं? आणि नाशिक सोडावंच लागेल का? इथे कोणी या क्षेत्रातलं असेल तर प्लीज सविस्तर लिहा.

कलिना_रिटर्न

सई, मी राज्याच्या न्यायसहायक प्रयोगशाळेत नोकरी करून निवृत्त झालो, आता इंदिरानगरला असतो. आधी तुझ्या लायसन्सच्या प्रश्नाचं, तसं काही नसतं. वकिलाला सनद, डॉक्टरला नोंदणी, तसं डिजिटल फॉरेन्सिकवाल्याला आपल्याकडे काहीच नाही. त्यामुळे कोणीही स्वतःला सायबर एक्स्पर्ट म्हणवून घेऊ शकतो आणि घेतातही, आणि कोर्टात गेल्यावर पहिल्या अर्ध्या तासात उघडे पडतात.

सरकारी बाजू सांगतो. संचालनालय मुंबईला कलिन्यात आहे, प्रादेशिक प्रयोगशाळा नागपूर, पुणे, संभाजीनगर, अमरावती, नांदेड, कोल्हापूर आणि आपल्या नाशिकला दिंडोरी रोडवर. भरतीत सायबरचं पद वेगळं असतं, २०२४ साली गट क च्या १२५ जागांची जाहिरात आली होती त्यात साधा वैज्ञानिक सहायक वेगळा आणि संगणक गुन्हे, ध्वनी व ध्वनिफीत विश्लेषण यासाठीचा वैज्ञानिक सहायक वेगळा होता. पात्रता जाहिरातीतच नीट वाचायची, क्लासवाल्यांच्या यूट्यूबवर नाही, कारण कुठल्या विषयातली पदवी चालते यावरच निम्मे अर्ज बाद होतात. वरची काही पदं एमपीएससीतून भरतात.

शिक्षणाचं म्हणशील तर मुंबई, नागपूर आणि संभाजीनगरला शासनाच्या न्यायसहायक विज्ञान संस्था आहेत, तिथे डिजिटल आणि सायबर फॉरेन्सिक व त्यासंबंधीचा कायदा असा पदव्युत्तर डिप्लोमा आहे. पदवी हातात असलेल्या माणसाला हा सगळ्यात सरळ रस्ता. पूर्णवेळ एमएस्सी करायची असेल तर गांधीनगरचं राष्ट्रीय न्यायवैद्यक विज्ञान विद्यापीठ, ते आधी गुजरातचं राज्य विद्यापीठ होतं, २०२० च्या कायद्याने राष्ट्रीय झालं, तिथे डिजिटल फॉरेन्सिक आणि माहिती सुरक्षा हा विषय घेऊन एमएस्सी होते. सीडॅकचाही सायबर सिक्युरिटी आणि फॉरेन्सिकचा पीजी डिप्लोमा आहे, त्याला त्यांची सीकॅट ही प्रवेश परीक्षा द्यावी लागते.

क्लासला पैसे भरू नकोस अजून. बाकीचं उद्या लिहितो, जेवायला बोलावतायत.

बिट_बाय_बिट

मी पुण्यात एका कन्सल्टिंग फर्मच्या फॉरेन्सिक टीमला आहे, मूळचा नाशिकरोडचा. काकांशी सहमत पण सरकारी जाहिरातीची वाट बघत बसू नका, दोन जाहिरातींमध्ये किती वर्षं जातील कोणी सांगू शकत नाही आणि तोवर वय निघून जातं. प्रायव्हेटमध्ये काम भरपूर आहे, बँकांचे फ्रॉड विभाग, मोठ्या ऑडिट कंपन्यांच्या फॉरेन्सिक टीम, रॅन्समवेअर आल्यावर धावत जाणाऱ्या इन्सिडेंट रिस्पॉन्सच्या टीम. मी स्वतः नेटवर्क सपोर्टमधून आलो, त्यामुळे सई तुझी आत्ताची नोकरी अजिबात वाया नाहीये, लॉग कुठे असतात, डोमेन कसं चालतं, बॅकअप कशाचा होतो आणि कशाचा होत नाही हे तुला माहितीये आणि फॉरेन्सिकची एमएस्सी करून आलेल्या पोरांना बऱ्याचदा ते माहीत नसतं.

सर्टिफिकेटांबद्दल माझं मत स्पष्ट आहे. सीएचएफआय हे हॅकिंगच्या तपासाचं सर्टिफिकेट एचआरच्या चाळणीतून पुढे जायला उपयोगी पडतं. जीसीएफई, जीसीएफए या फॉरेन्सिकच्या परीक्षांना खरा मान आहे पण त्यांचं ट्रेनिंग लाखांत जातं, ते स्वतःच्या खिशातून करूच नकोस, कंपनी भरते तेव्हा करायचं. मामांना सांग एथिकल हॅकिंग आणि हे काम वेगळं आहे, त्यात तुम्ही आत कसं शिरायचं ते शोधता, इथे कोणीतरी काहीतरी करून गेलंय आणि मागे काय उरलंय ते बघायचं असतं, तेही त्याला हात न लावता.

पंचवटीतला_वकील

सईताई, मी इथे जिल्हा न्यायालयात फौजदारी आणि थोडं दिवाणी बघतो. डिग्री कुठली हा प्रश्न तुम्ही विचारलात, कोर्ट तो प्रश्न जरा वेगळा विचारतं. पूर्वी साक्ष कायद्याचं कलम ४५ होतं, १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष अधिनियमाचं कलम ३९ आहे. त्यात तज्ज्ञ म्हणजे त्या विषयात विशेष कौशल्य असलेली व्यक्ती. कुठेही अमुक पदवी पाहिजे असं लिहिलेलं नाही. पण नुसती पदवी असून भागतही नाही, सुप्रीम कोर्टाचा १९९९ चा हिमाचल प्रदेश विरुद्ध जय लाल हा निकाल वाचा, सफरचंदाच्या बागांचं प्रकरण आहे, नाशिकच्या द्राक्षवाल्यांना पटकन समजेल. त्यात साक्षीला आलेला अधिकारी शेतीशास्त्र शिकलेला होता, पण बागेत किती माल निघेल याचा अंदाज काढण्याचा खास अभ्यास किंवा अनुभव त्याच्याकडे दिसला नाही म्हणून त्याला तज्ज्ञ मानलं नाही. आणि त्याच निकालात म्हटलंय की तज्ज्ञाचं मत हे सल्ल्याच्या स्वरूपाचं असतं, न्यायाधीशाला स्वतः निष्कर्ष काढता यावा म्हणून त्यामागचे शास्त्रीय निकष त्याने समोर ठेवायचे. म्हणजे 'मी सांगतो म्हणून' असं चालत नाही.

कलम ३९ चं दुसरं पोटकलम इलेक्ट्रॉनिक पुराव्याच्या परीक्षकाबद्दल आहे. हा परीक्षक म्हणजे आयटी कायद्याच्या कलम ७९ ए खाली केंद्र सरकारने राजपत्रात जाहीर केलेली केंद्राची किंवा राज्याची संस्था. खाजगी माणूस तिथे बसत नाही, तो पहिल्या पोटकलमातून येतो आणि आपलं कौशल्य त्याला प्रत्येक खटल्यात नव्याने सिद्ध करावं लागतं. मागच्या केसमध्ये मानलं होतं म्हणून या केसमध्ये मानतील असं नसतं.

आणखी एक मोठा फरक. सरकारी प्रयोगशाळेच्या संचालक, उपसंचालक, सहायक संचालकांचा अहवाल, पूर्वी फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम २९३, आता नागरिक सुरक्षा संहितेचं ३२९, त्याखाली साक्षीदार न बोलावताही पुराव्यात वाचता येतो. कोर्टाला वाटलं तर समन्स काढतं, आणि मग संचालक स्वतःऐवजी केस माहीत असलेल्या जबाबदार अधिकाऱ्याला पाठवू शकतात. त्याच यादीत आपल्या परळच्या हाफकिन संस्थेच्या संचालकांचंही नाव आहे, इतकी जुनी ती परंपरा आहे. खाजगी तज्ज्ञाला ही सवलत नाही, त्याला पिंजऱ्यात यावंच लागतं आणि उलटतपासणी सोसावीच लागते.

म्हणून तुम्हाला कोर्टाची खरंच ओढ असेल तर एक निकाल पाठ करा, अर्जुन पंडितराव खोतकर विरुद्ध कैलास कुशनराव गोरंट्याल, १४ जुलै २०२०. आपल्या जालन्याचं प्रकरण. २०१४ च्या विधानसभेत खोतकर २९६ मतांनी निवडून आले, गोरंट्याल यांचं म्हणणं की उमेदवारी अर्ज दुपारी ३ ची वेळ टळल्यावर भरला गेला, आणि पुरावा म्हणजे निवडणूक अधिकाऱ्याच्या कार्यालयातलं कॅमेऱ्याचं चित्रण. ते सीडीवर मिळालं पण त्यासोबत लागणारं जुन्या साक्ष कायद्याच्या कलम ६५ बी चं प्रमाणपत्र अधिकारी देईनात, मागून मागून थकले. शेवटी सुप्रीम कोर्टाने सांगितलं की प्रत दाखल करायची तर प्रमाणपत्र बंधनकारकच, मात्र ज्याच्या ताब्यात यंत्र आहे तो देत नसेल तर पक्षकाराने कोर्टाकडे अर्ज करावा, कोर्ट ते मागवू शकतं. आजही देशभर कुठल्याही कोर्टात सीसीटीव्हीवर वाद झाला की जालन्याचा हा निकाल पुढे येतो.

सातपूरची_सई

वकीलदादा खूप खूप धन्यवाद, हे असं कोणी सांगितलंच नव्हतं. एक विचारते, नवीन कायद्यात प्रमाणपत्राचे दोन भाग आहेत असं वाचलं, त्यातला दुसरा भाग तज्ज्ञाने भरायचा. तो कोण भरू शकतो? आमच्याकडचाच सीसीटीव्ही बसवणारा म्हणतो की मीच सही करतो, पाचशे रुपये द्या.

पंचवटीतला_वकील

साक्ष अधिनियमाचं कलम ६३ पोटकलम ४. भाग अ यंत्र ज्याच्या ताब्यात आहे त्याने, भाग ब तज्ज्ञाने. दोन्हीत हॅश व्हॅल्यू, म्हणजे डेटावरून गणिताने निघणारा आणि डेटा जरा बदलला तरी बदलणारा लांबलचक नंबर, लिहायची आणि कुठल्या पद्धतीने काढली त्यावर खूण करायची, एसएचए १, एसएचए २५६, एमडी ५ किंवा इतर. कायद्यात तज्ज्ञ एवढाच शब्द आहे, त्यामुळे फक्त ७९ ए वालाच हवा का कोणीही जाणकार चालतो यावर वाद घालायला जागा आहे आणि वकील घालतात. माझं मत विचाराल तर ज्याला उद्या पिंजऱ्यात उभं राहून हॅश म्हणजे काय ते समजावता येत नाही त्याने भाग ब वर सही करू नये आणि पक्षकारानेही ती घेऊ नये. पाचशे रुपये वाचतील आणि खटला जाईल.

इमेजिंगवाला

मी हेच खाजगीत करतो, नाशिक, धुळे, जळगाव, नगरपर्यंत जातो. सईताई तुमच्या कंपनीत आलेल्या मॅडम 'बघून सांगते' म्हणाल्या ना, तेच या धंद्याचं मर्म आहे आणि मला इथे थोडं सविस्तर लिहायचंय कारण हेच कुठल्याही कोर्सात नीट शिकवत नाहीत.

तुमचंच उदाहरण घ्या. विंडोजच्या रजिस्ट्रीत पेनड्राइव्ह जोडल्याची नोंद सापडते, कुठल्या कंपनीचा, सीरियल नंबर काय, पहिल्यांदा कधी जोडला, शेवटचा कधी. पेनड्राइव्हवरची एखादी फाईल या लॅपटॉपवर उघडली असेल तर शॉर्टकटची लिंक फाईल तयार होते, त्यात त्या ड्राइव्हचा व्हॉल्यूम नंबर, फाईलचं नाव आणि वेळ मिळते. कुठले फोल्डर उघडून बघितले त्याच्याही खुणा राहतात. पण फाईल लॅपटॉपवरून पेनड्राइव्हवर कॉपी केली याची सरळ नोंद विंडोज आपणहून ठेवत नाही! वेगळं ऑडिटिंग चालू केलेलं असेल किंवा डीएलपीसारखं, म्हणजे डेटा बाहेर जातोय का यावर नजर ठेवणारं, सॉफ्टवेअर असेल तरच ती मिळते. म्हणजे मालकाला हवं असतं 'याने चारशे ड्रॉइंग चोरले' आणि प्रामाणिक अहवालात येतं की अमुक दिवशी संध्याकाळी अमुक सीरियल नंबरचा पेनड्राइव्ह या लॅपटॉपला जोडला होता, त्यानंतर त्या पेनड्राइव्हवरून या नावाच्या अकरा फायली उघडल्या गेल्या, त्या वेळी या नावाचं खातं लॉगिन होतं, आणि खुर्चीवर कोण बसलं होतं ते या यंत्रावरून सांगता येत नाही. शेवटचं वाक्य लिहायची हिंमत लागते कारण समोर पैसे देणारा बसलेला असतो.

सातपूर-अंबडमध्ये अशी कामं खूप येतात आणि प्रत्येक दुसरा मालक म्हणतो साहेब जरा कडक लिहा. मी सुरुवातीलाच सांगतो, फी तासाची किंवा कामाची, निकालावर नाही, आणि अहवाल जसा येईल तसा, तुमच्या विरोधात गेला तरी. काही लोक तिथूनच परत जातात. जाऊ देत. तज्ज्ञाला बोलावलं कोणीही असलं तरी तो कोर्टाचं काम करत असतो, हे ज्याला मनापासून पटत नाही त्याने कृपा करून टूल विकायचा धंदा करावा, साक्षीला येऊ नये, कारण त्याच्या एका वाक्यावर एखादा माणूस तुरुंगात जाऊ शकतो नाहीतर एखादी फसवली गेलेली बाई मोकळ्या हाताने घरी जाऊ शकते.

ठाणे_अंमलदार

मी पोलिसात आहे, कुठे ते नको. मॅडम, पोलीस खात्यातूनही या कामात येता येतं हे कोणी लिहिलं नाही म्हणून लिहितो. सायबर पोलीस ठाणी शहराचं वेगळं, ग्रामीणचं वेगळं, त्यात कॉम्प्युटर शिकलेल्या अंमलदारांना मागणी आहे. पण खरं सांगायचं तर केस प्रयोगशाळेत जिंकत हरत नाही, जप्तीच्या वेळीच निम्मं ठरतं. मोबाईल जप्त केला, पंचनाम्यात लिहिलं काळ्या रंगाचा सॅमसंग मोबाईल. अरे आयएमईआय कुठंय? स्क्रीन लॉक होता का? चालू होता का बंद? फ्लाइट मोडला कोणी टाकला, किती वाजता? सीलवर पंचांच्या सह्या आहेत का? मग मुद्देमाल रूममध्ये पाच महिने पडला, चालू स्थितीतला फोन बॅटरी उतरून बंद झाला. चालू करून एकदा अनलॉक झालेला फोन आणि बंद पडून पुन्हा सुरू झालेला फोन यात डेटा निघण्याचा जमीन अस्मानाचा फरक आहे हे आता आम्हाला ट्रेनिंगमध्ये सांगतात.

डीव्हीआर, म्हणजे सीसीटीव्हीचं चित्रण साठवणारा डबा, त्याबद्दल पण. डीव्हीआरचं घड्याळ बहुतेक ठिकाणी चुकलेलं असतं, दहा मिनिटं पुढे नाहीतर दोन तास मागे. जप्त करताना डीव्हीआरची वेळ आणि खरी वेळ दोन्ही पंचनाम्यात लिहायची, हे एक वाक्य लिहिलं की पुढे तीन तारखा वाचतात. आणि डिस्क भरली की जुनं चित्रण आपोआप पुसत जातं, काही ठिकाणी पंधरा दिवसात, त्यामुळे दुकानदाराला सांगून उद्या येतो म्हणायचं नाही.

नवीन कायद्यात सात वर्षं किंवा जास्त शिक्षेच्या गुन्ह्यात न्यायवैद्यक तज्ज्ञाने घटनास्थळी यायचंच आहे, नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १७६ पोटकलम ३, राज्यांना ते लागू करायला पाच वर्षांची मुदत दिलीय. झडती जप्तीचं चित्रीकरण पण करायचं. म्हणजे माणसं लागणार आहेत, भरपूर लागणार आहेत.

कलिना_रिटर्न

अंमलदार साहेबांनी अगदी दुखऱ्या जागी हात ठेवला. त्यात माझी भर. प्रयोगशाळेला जे पत्र येतं त्यात तपास अधिकाऱ्याने प्रश्न विचारायचे असतात, आणि येतं काय तर 'मोबाईलमधील सर्व माहिती मिळावी'. आजच्या फोनमध्ये सर्व माहिती म्हणजे लाखो नोंदी, त्या पेनड्राइव्हमध्ये भरून दिल्या तर तपास अधिकारी बघणार कधी? त्याऐवजी प्रश्न असा हवा की अमुक ते अमुक तारखेत या दोन नंबरांमध्ये काय संदेश झाले, त्यातले पुसलेले मिळतात का, अमुक फोटो याच फोनने काढलाय का बाहेरून आलाय. चांगला प्रश्न आला की काम एका आठवड्यात होतं. सई, तू उद्या कुठेही गेलीस, लॅबला, पोलिसात, प्रायव्हेटला, समोरच्याकडून नेमका प्रश्न काढून घेणं हे पहिलं कौशल्य, टूल चालवणं नंतर.

बिट बाय बिट म्हणतो वाट बघू नका, ते पटतं मला. पण एक सांगतो, सरकारी लॅबमध्ये जितकी विविधता बघायला मिळते तितकी बाहेर नाही मिळत. जळालेला फोन, विहिरीतून काढलेला फोन, खंडणीचा रेकॉर्ड केलेला कॉल, बनावट नोटांच्या प्रकरणातला प्रिंटर. आणि पुढे कोर्टाची सवय लागते, समन्स आलं की नंदुरबार असो की शहादा, पहाटेची एसटी धरायची.

बिट_बाय_बिट

काका मान्य. पण नवीन मुलीला दोन्ही दरवाजे उघडे ठेवू देत, नोकरी चालू ठेवून डिप्लोमा आणि अर्ज दोन्ही होतं.

मेरी_कॉलनी

एक काळजीचं विचारू का. माझी भाची हेच करते दुसऱ्या राज्यात. लहान मुलांच्या अत्याचाराचे व्हिडिओ तपासावे लागतात तिला, अमेरिकेतल्या संस्थेकडून आपल्या एनसीआरबीला, म्हणजे राष्ट्रीय गुन्हे नोंद ब्युरोला येणाऱ्या तक्रारी पुढे राज्यांकडे येतात, २०१९ चा करार आहे म्हणे, त्यातल्या केसेस. घरी आली की दोन दोन तास बोलत नाही. या क्षेत्रात जाणाऱ्या मुलामुलींना हे आधी कोणीतरी सांगायला हवं.

इमेजिंगवाला

ताई बरं झालं हे लिहिलंत. हो, हे काम आहे आणि कोणालातरी करावं लागतं. चांगल्या टीममध्ये आवाज बंद करून बघतात, चित्रं काळी-पांढरी आणि छोटी करून बघतात, आधी माहीत असलेल्या फायली हॅशवरून आपोआप वेगळ्या होतात म्हणजे माणसाला प्रत्येक बघावी लागत नाही, आणि एकाच माणसावर सतत हेच काम टाकत नाहीत. मुलाखतीत सरळ विचारायचं की तुमच्याकडे यासाठी काय व्यवस्था आहे, समुपदेशक आहे का. हा प्रश्न विचारल्याने कोणी कमी लेखत नाही, आणि लेखत असेल तर तिथे जाऊच नये. तुमच्या भाचीला माझा नमस्कार सांगा, त्या मुलांसाठी ती जे करतेय ते दिसत नाही कोणाला.

आणि नवीन लोकांसाठी, असलं साहित्य सरावासाठी म्हणून शोधणं, उतरवून घेणं हाच आयटी कायद्याच्या ६७ बी खाली गुन्हा आहे, शिकायचं होतं हा बचाव चालत नाही.

सातपूरची_सई

मेरी कॉलनीताई, मनापासून आभार, याचा मी विचारच केला नव्हता, आता करते आहे, तरी ओढ कमी झाली नाही. मग सराव कशावर करू? मैत्रिणीचा जुना फोन आहे तो चालेल का?

बिट_बाय_बिट

दुसऱ्याचा फोन नको, लेखी परवानगी असली तरी सुरुवातीला नकोच. अमेरिकेच्या एनआयएसटी या मानकं ठरवणाऱ्या सरकारी संस्थेचा सीएफरेड्स नावाचा संग्रह फुकट आहे, डिजिटल कॉर्पोरा नावाचाही आहे, त्यात सरावासाठी मुद्दाम बनवलेल्या केसेस, डिस्कच्या इमेज म्हणजे हुबेहूब प्रती, फोनच्या इमेज सगळं मिळतं. इमेज घ्यायला एफटीके इमेजर फुकट, तपासायला ऑटोप्सी फुकट आणि मुक्तस्रोत, मेमरीसाठी व्होलॅटिलिटी. स्वतःचा एखादा जुना पेनड्राइव्ह घे, त्यात फोटो टाक, पुस, फॉरमॅट कर आणि काय परत येतं ते बघ. मग तेच एसएसडीवर करून बघ, ट्रिममुळे, म्हणजे पुसलेली जागा एसएसडी स्वतःच साफ करून टाकते त्यामुळे, पुसलेलं बहुतेक परत येत नाही, हा फरक स्वतःच्या डोळ्यांनी बघितलेला माणूस कोर्टात वेगळाच बोलतो.

कलिना_रिटर्न

आणि प्रत्येक सरावाचा अहवाल लिही, मराठीत एक आणि इंग्रजीत एक. काय मिळालं, कुठे होतं, कुठल्या टूलच्या कुठल्या आवृत्तीने काढलं, दुसऱ्या टूलने पडताळलं का. वेळ लिहिताना कायम आपली वेळ का यूटीसी, म्हणजे आंतरराष्ट्रीय प्रमाणवेळ, ते लिहायचं. बऱ्याच नोंदी यूटीसीत असतात, त्यात साडेपाच तास मिळवावे लागतात. टूलमध्ये १७:४० दिसतं आणि घटना घडलेली असते रात्री ११:१० ला, अहवालात ते स्पष्ट नसेल तर आरोपी त्या वेळी कारखान्यात ड्युटीवर होता हे बचाव पक्ष हजेरीपत्रकावरून दाखवून देतो आणि खरी केस हातची जाते. उलटही होतं, निर्दोष माणूस अडकतो. म्हणून माझा एवढा आग्रह.

पंचवटीतला_वकील

उलटतपासणीचे नेहमीचे प्रश्न देतो, उत्तरं तयार करून बघा. हे सॉफ्टवेअर तुम्ही बनवलंय का? त्याचा सोर्स कोड बघितलाय का? ते चुकू शकतं का? तुमच्याकडे येण्याआधी मुद्देमाल कोणाकोणाच्या हातात होता हे तुम्ही स्वतः पाहिलंय का? एमडी ५ मध्ये दोन वेगळ्या फायलींची हॅश एकच आणता येते हे खरं का? शेवटच्याला घाबरून नाही म्हणतात लोक आणि तिथेच अडकतात. खरं उत्तर हो आहे, २००४ मध्ये एमडी ५ चं आणि २०१७ मध्ये एसएचए १ चं करून दाखवलंय, पण ते मुद्दाम दोन्ही फायली तयार करून, आधीच अस्तित्वात असलेल्या फाईलच्या हॅशशी जुळणारी दुसरी फाईल बनवणं ही वेगळी गोष्ट आहे, आणि म्हणूनच आम्ही एसएचए २५६ पण काढली. असं शांतपणे सांगता आलं पाहिजे, आधी 'हो', मग खुलासा. माहीत नसेल तर 'माहीत नाही' म्हणायचं, त्याने साक्षीचं वजन वाढतं.

आपल्याकडे खालच्या कोर्टात साक्ष बऱ्याचदा मराठीत नोंदवली जाते. न्यायाधीश महाराज तुमचं उत्तर ऐकून टंकलेखकाला सांगतात, तेव्हा तुम्ही 'अनॲलोकेटेड स्पेसमधून कार्व्ह केलं' म्हणालात तर कागदावर काय उतरेल देव जाणे. 'पुसल्यावर मोकळी धरली गेलेली जागा, तिथे फाईलचे अवशेष होते, ते जोडून काढले' असं बोला. आणि जबाब संपल्यावर वाचून मगच सही, चूक दिसली तर तिथेच सांगायची.

ठाणे_अंमलदार

वकील साहेब हे प्रश्न आमच्या पोरांना पण पाठवतो, चालेल ना?

पंचवटीतला_वकील

जरूर पाठवा, लपवण्यासारखं काही नाही त्यात.

सातपूरची_सई

मी ठरवलंय, नोकरी चालू ठेवून डिप्लोमाला अर्ज करणार, सरकारी जाहिरात आली की तीही भरणार, आणि तोवर सीएफरेड्सच्या केसेस करून अहवाल लिहीत राहणार. काका, पहिला अहवाल झाला की तुम्हाला दाखवला तर वाचाल का? आणि वकीलदादा, कोर्टात साक्ष चालू असताना बाहेरच्या माणसाला बसून ऐकता येतं का? मी कधी कोर्टाच्या आत गेलेच नाहीये.

कलिना_रिटर्न

पाठव. लाल पेनने परत येईल, तयारी ठेव.

पंचवटीतला_वकील

येतं की, खुलं न्यायालय असतं. पोक्सो आणि बलात्काराचे खटले बंद दाराआड चालतात, तिथे नाही, बाकी बसता येतं. सीबीएस बसस्थानकाच्या समोरच्या गेटने या, ओळखपत्र आणा, मोबाईल आवाज बंद करून पर्समध्ये, चित्रीकरण अजिबात नाही. ई-कोर्ट्सच्या ॲपवर नाशिक जिल्ह्याचं त्या दिवसाचं बोर्ड, म्हणजे खटल्यांची यादी, दिसतं, त्यात पुराव्याच्या टप्प्यावर असलेले सत्र खटले बघा, आणि सकाळी अकराच्या आत येऊन शिपायाला विचारा की कुठल्या कोर्टात आज पोलीस किंवा लॅबचा साक्षीदार आलाय. साक्षीदार आला नाही म्हणून तारीख पडते खूपदा, तेव्हा अर्धा दिवस हाताशी ठेवूनच या. पाठीमागच्या बाकावर बसा, वही आणा.

सातपूरची_सई

सोमवारी सुट्टी टाकलीये.